बावीस तासांचा दिवस

रविवारी सकाळी श्रावस्ती रामटेकेच्या लॅपटॉपवर पुढील गोष्टी होत्या: प्रोग्राम लिहायचे एडिटर अकरा, त्यांपैकी उघडणारे नऊ, एडिटरचे रंग बदलायच्या थीम सत्तावीस, त्यांपैकी काळ्या चोवीस, ‘कोणता एडिटर सर्वांत चांगला’ या विषयावरचे अर्धवट पाहिलेले व्हिडिओ चौदा, आणि लिहून झालेला प्रोग्राम, शून्य ओळी.

शून्य हाही आकडाच असतो आणि फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेल्या मुलीने तो लपवू नये. पण तो तिच्या मनाला लागला होता, कारण काम साधं होतं. दिल्लीतल्या एका संशोधन संस्थेत प्रोजेक्टची एक जागा निघाली होती. एकच. संस्थेच्या तळघरात जमिनीचे हादरे टिपणारं एक यंत्र आहे. त्याने एका पूर्ण दिवसात दर सेकंदाला जे टिपलं ते एका फाइलमध्ये घालून संस्थेने प्रत्येक अर्जदाराला पाठवलं होतं. एका ओळीत एक सेकंद. दिवसाचे सेकंद शहाऐंशी हजार चारशे, म्हणून ओळीही तेवढ्याच. संस्थेच्या जवळून जमिनीखालून मेट्रो जाते. प्रश्न असा होता की, निव्वळ या आकड्यांवरून सांगा, त्या दिवशी मेट्रो किती वेळा गेली? प्रोग्राम आणि उत्तर शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पाठवायचं.

हा प्रश्न वाचला तेव्हा श्रावस्तीच्या अंगावर काटा आला होता. ज्या मेट्रोत उभं राहायला जागा मिळत नाही, ती जमिनीला आतून अशी कळते, एखाद्याच्या नाडीसारखी! तिला ती जागा हवीच होती. मिळाली नाही तर बँकेच्या परीक्षेचा क्लास होता. त्याची चौकशी बाबांनी करून ठेवली होती.

आता प्रोग्राम लिहायचा म्हणजे तो कशात तरी लिहावा लागतो. युनिव्हर्सिटीत ते ‘कशात तरी’ आधीच मशीनवर असायचं, पोळी वाढण्याआधी ताट असतं तसं. स्वतःच्या लॅपटॉपवर ताटापासून सुरुवात होती. म्हणून आदल्या आठवड्यात तिने लिफ्टमध्ये मैत्रिणीला फोनवर विचारलं, “तू कोणता एडिटर वापरतेस गं?” आणि तिथेच चुकलं. फरीदाबादच्या सोसायटीत एका माणसाला एक प्रश्न विचारणं ही वैज्ञानिकदृष्ट्या अशक्य गोष्ट आहे. लिफ्टमध्ये समोरच्या फ्लॅटचे गुलाबराव उभे होते. ते टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले असल्यामुळे कोणाचाही फोन ऐकणं हा ते अजून सेवेचाच भाग समजत.

“एडिटर?” गुलाबराव म्हणाले. “आमचा केतन आहे ना गुरुग्रामला. बाविसाव्या मजल्यावर बसतो. त्याला विचार. बिल्कुल दुसऱ्या कोणाला विचारू नकोस.”

संध्याकाळपर्यंत सोसायटीच्या ग्रुपवर सात एडिटरची नावं आली होती. एक नाव प्रॉपर्टी एजंटने सुचवलं होतं. तो बहुधा वर्तमानपत्राच्या संपादकाविषयी बोलत होता.

श्रावस्तीचे वडील धम्मपाल रामटेके केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात खरेदी शाखेत सेक्शन ऑफिसर होते. एकतीस वर्षांत त्यांनी खुर्च्या, कूलर, झेरॉक्स मशीन आणि एकदा एक बोट खरेदी केली होती, आणि एकाही खरेदीवर ऑडिटचा आक्षेप नव्हता. मुलगी अकरा एडिटरच्या मध्ये बसून नखं खाते आहे हे पाहून त्यांचं मन भरून आलं.

“बेटा, तुझी पद्धत चुकतेय,” ते म्हणाले. “असं मनाला वाटेल ते घ्यायचं नसतं. समिती करायची. तांत्रिक मूल्यमापन करायचं. मग किंमत उघडायची. जो सर्वांत स्वस्त, त्याला काम.”

“बाबा, सगळे फुकट आहेत.”

धम्मपाल खुर्चीत बसले. “सगळे?”

“हो. जगभरातली माणसं नोकरी करून, उरलेल्या वेळात हे लिहितात आणि देऊन टाकतात. कोणीही घ्या, बदला, पुढे द्या.”

“निविदा न मागवता?”

“न मागवता.”

एवढी वर्षं खरेदीत काढलेल्या माणसाला हे असं कळणं म्हणजे समुद्र पहिल्यांदा बघण्यासारखं होतं. स्वयंपाकघरातून शीला, म्हणजे श्रावस्तीची आई, म्हणाली, “अहो, त्याला दान म्हणतात. लहानपणी विहारात शिकवलं होतं की.” मग धम्मपाल उठले आणि तरीही समिती झाली, कारण दान असलं तरी स्वीकारायची काही रीत असते.

अडचण पहिल्याच बैठकीत आली. श्रावस्तीने आणखी एकाला विचारलं होतं, तो म्हणजे तिचा आतेभाऊ हितेश. तो दिल्लीतल्या मुनिरक्यात खोली घेऊन पीएच.डी. करत होता. म्हणजे उमेदवारांपैकी एक अध्यक्षांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा. धम्मपालांनी तत्काळ अध्यक्षपद सोडलं आणि ते गुलाबरावांकडे दिलं.

“पण गुलाबकाका, दुसरा उमेदवार तुमचा केतन आहे,” श्रावस्ती म्हणाली.

“मग काय झालं? मी त्याचं आजवर कधी ऐकलेलं नाही,” गुलाबराव म्हणाले आणि बसले.

त्याच रविवारी तर्रीपोह्यांवर प्रात्यक्षिकं झाली. हितेश मुनिरक्याहून दोन मेट्रो बदलून आला. त्याच्या पाठीवर सॅक होती आणि सॅकमध्ये स्वतःचा कीबोर्ड. माउस नव्हता. माउसला हात लावलेला आपल्याला आठवत नाही, असं तो जय भीम करता करताच म्हणाला.

त्याने काळा पडदा उघडला आणि बोटं ठेवली. पुढचं वर्णन करणं अवघड आहे. ओळी उडत होत्या, शब्द जागा बदलत होते, एक अख्खा परिच्छेद नाहीसा होऊन वर उगवला, आणि हितेशचे हात मात्र जवळजवळ स्थिर होते. धम्मपाल तरुणपणी मिनिटाला चाळीस शब्दांची टायपिंगची परीक्षा तिसऱ्या प्रयत्नात पास झालेले. ते उठून हितेशच्या मागे जाऊन उभे राहिले.

“हितेश,” ते हळूच म्हणाले, “तू हे बघून करतोस की न बघता?”

“मामा, बघितलं तर अडखळतो.”

“जिंकलास रे बाबा,” धम्मपाल म्हणाले, आणि मग आपण समितीवर आहोत हे आठवून त्यांनी ते शब्द मागे घेतले.

शिवाय रंग होते. काळ्यावर निळे, नारिंगी आणि हिरवे शब्द. हिरव्या ओळीपाशी धम्मपालांचं बोट थांबलं. “हे कोणी लिहिलं?” सरकारात हिरव्या शाईने फक्त मोठे साहेब लिहितात.

“ती टीप आहे बाबा. माणसाने माणसासाठी लिहिलेली. मशीन ती ओळ वाचतच नाही.”

“बरोबर आहे,” धम्मपाल म्हणाले. “आमच्याकडेही वाचत नाहीत.”

जाताना हितेशने मोठ्या प्रेमाने स्वतःची सगळी सेटिंग श्रावस्तीच्या लॅपटॉपवर चढवली. नऊ वर्षं घडवलेली सेटिंग, माणूस मृत्युपत्रात ठेवील अशी. तो गेल्यावर लक्षात आलं की, तिच्यात बाणांच्या चारही कळा बंद आहेत आणि माउसही, संपूर्ण लॅपटॉपवर. फोन केला तर तो जमिनीखाली. अर्ध्या तासाने लागला.

“मुद्दाम बंद केलंय. सवय मोडायला.”

“हितेश, मला खाली जायचंय!”

“इंग्रजी जे दाब.”

“जे दाबलं की जे येतं!”

“मग आधी एस्केप. यार, पहिला महिना असंच होतं. दुसऱ्या महिन्यापासून बघ, पंख फुटतात.”

तिच्याकडे शुक्रवारपर्यंत वेळ होता. शीलाने पडद्यावर आलेले सहासात जे पाहिले आणि म्हणाली, “पंख राहू देत, पाय तरी सोड म्हणावं.”

मग केतन आला, कॅबने, आणि आधी त्याने माउस आणि बाण परत चालू केले. त्याच्या एडिटरला तो एडिटर म्हणतच नव्हता, ‘एन्व्हायरन्मेंट’ म्हणत होता, आणि ते उघडलं तेव्हा लॅपटॉपचा पंखा असा फिरायला लागला की, शीलाने पोह्यांचं ताट पेपरने झाकलं. पण उघडल्यावर काय होतं ते! अर्धा शब्द लिहिला की उरलेला तो लिही. चूक करायच्या आधीच लाल रेघ ओढी. एका बाजूला फाइलींचं झाड, एका बाजूला सगळ्या मजकुराचा मुंगीएवढा नकाशा. श्रावस्तीला पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून कांद्याची साल पाहिली तेव्हाची आठवण झाली. माणसांनी माणसांना लिहिता यावं म्हणून एवढा विचार केला होता, एकेका कंसाचा, एकेका मोकळ्या जागेचा.

“याला सांगितलंस तर सगळा प्रोग्राम तोच लिहून देईल,” केतन म्हणाला. “तू फक्त टॅब दाबत जा.”

“मग जागा कोणाला मिळेल?” धम्मपालांनी विचारलं. “तिला की याला?” हा मुद्दा समितीने राखून ठेवला.

“अच्छा, ते सोडा. हे बघा काकू.” केतनने लॅपटॉपवरची एक फाइल उघडली. जागा कमी पडत होती म्हणून डाउनलोडचं फोल्डर आणि कचरापेटी त्याने आधीच रिकामी केली होती. “कितीही पसारा असू दे. सेव्ह केलं की आपोआप आवरतं. जास्तीच्या जागा, रिकाम्या ओळी, सगळं साफ. असं.” त्याने कळ दाबली. पडद्यावरची ओबडधोबड रांग क्षणात सैनिकांसारखी उभी राहिली.

शीलाने हातातला झारा खाली ठेवला. पंचवीस वर्षं ती या घरात दोन माणसांच्या मागे आवरत होती. “आपोआप?” तिने विचारलं. “सांगावं न लागता?”

“बिल्कुल.”

“माझं मत याला,” शीला म्हणाली. ती समितीवर नव्हती. तरीही निर्णय तिथेच झाला, जसा तो सगळ्याच समित्यांत होतो.

सोमवारपासून श्रावस्ती खरोखर कामाला लागली. तिने हादऱ्यांचा आलेख काढला. मेट्रो आली की, आकडे टेकडीसारखे चढत आणि उतरत. टेकड्यांच्या रांगा, दिवसभर. तिने टेकडी ओळखायची रीत बसवली, मोजणी लावली आणि गुरुवारी दुपारी उत्तर आलं: तीनशे पंच्याण्णव. घरात टाळ्या झाल्या. गुलाबरावांनी केतनला फोन करून अभिनंदन केलं.

श्रावस्तीने मात्र पहिल्या टेकडीची वेळ पाहिली. पहाटेचे पावणेचार.

“बाबा, मेट्रो पहाटे पावणेचारला कधी सुटते का?”

“चाचणीची गाडी असेल,” धम्मपाल म्हणाले.

“मेट्रोवाले वेळेचे पक्के आहेत,” गुलाबराव म्हणाले, “पण एवढे पक्के नसावेत.”

तिने शेवटच्या टेकडीची वेळ पाहिली. तीही फार लवकरची होती. मग तिने ओळी मोजल्या. एकोणऐंशी हजार आठशे सहासष्ट. तिच्या दिवसात बावीस तास, अकरा मिनिटं आणि सहा सेकंद होते. पृथ्वी जवळजवळ दोन तास लवकर फिरून आली होती.

संस्थेच्या सूचनापत्रात तिसरी सूचना अशी होती: ज्या सेकंदाला जमीन यंत्राला जाणवण्याइतकी हलली नाही, त्या सेकंदाची ओळ रिकामी आहे, ती काढू नये. श्रावस्तीने ही सूचना वाचली होती. एडिटरने वाचली नव्हती. केतनने रविवारी आवरून दाखवलेली फाइल ती हीच. मूळ फाइल डाउनलोडमध्ये होती, आणि डाउनलोड चकाचक होतं. संस्थेची लिंक एकदाच उघडणारी.

श्रावस्तीला राग यायला हवा होता, पण आला तो वेगळाच काहीतरी प्रकार. एडिटरने फेकून दिलेला कचरा म्हणजे दिल्लीतली शांतता होती. सहा हजार पाचशे चौतीस सेकंद.

केतन फोनवर म्हणाला, “अगं, त्यांनी शांतता विचारलीय का? मेट्रो विचारलीय. दोनतीन गाड्या इकडेतिकडे. भेज दे, यार.”

“पण मधली शांतता गेली तर दोन गाड्या चिकटून एक होतात. तीनशे पंच्याण्णव चूक असणार.”

“कोण मोजायला जातंय?”

“मीच,” श्रावस्ती म्हणाली. “त्याचीच तर नोकरी आहे.”

जिथे नोकरी मागायची तिथेच फोन करून ‘तुमची फाइल मी बिघडवली’ असं सांगायचं, यासारखी मानहानी नाही. ती दोनदा नंबर लावून दोनदा बाल्कनीत जाऊन आली. तिसऱ्यांदा लागला. विभागप्रमुख डॉ. कादंबरी बोलत होत्या.

“फाइल एक ही बार मिलती है,” त्या म्हणाल्या. “सब के लिए सेम रूल है.”

“जी मॅडम, वो... अगं आई गं,” श्रावस्तीच्या तोंडून निघालं, कारण धम्मपाल कान लावायला वाकले होते आणि त्यांचं डोकं तिला लागलं.

“मराठी का?”

“हो.”

“मग मराठीत सांग. काय झालं?”

“माझ्या एडिटरने रिकाम्या ओळी काढून टाकल्या. सहा हजार पाचशे चौतीस.”

“कशावरून?”

“दिवसाच्या सेकंदांतून उरलेल्या ओळी वजा केल्या. आणि मॅडम, मेट्रो पावणेचारला आली.”

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग डॉ. कादंबरी म्हणाल्या, “नियम बदलता येणार नाही. लेखी दे. संचालकांची मंजुरी लागेल.”

फोन ठेवल्यावर श्रावस्तीचं तोंड उतरलं आणि धम्मपालांचं उजळलं. लेखी, मंजुरी, नियम! पोरीच्या आयुष्यात प्रथमच काहीतरी त्यांच्या अखत्यारीत आलं होतं. त्यांनी ‘उपरोक्त विषयासंदर्भात सविनय निवेदन करण्यात येते की’ इथून सुरू होणारा मसुदा तयार केला, त्यात ‘अनवधानाने’ तीनदा होतं आणि एडिटरचा उल्लेख ‘संबंधित यंत्रणा’ असा होता. श्रावस्तीने तो वाचला आणि दोन ओळी लिहिल्या: ‘माझ्या हातून फाइलमधल्या रिकाम्या ओळी गेल्या. त्यांच्याशिवाय दिवस बावीस तासांचा होतो, म्हणून माझं उत्तर मी पाठवू शकत नाही.’

“कारण दिलंस, पण सबब नाही दिलीस,” धम्मपाल काळजीने म्हणाले. “सबबीशिवाय फाइल हलत नाही.”

शुक्रवारी त्यांनी कॅज्युअल रजा घेतली आणि मेल कुठवर पोचला असेल ते घरबसल्या सांगत राहिले. आता पीएकडे असेल. आता डाकेत. आता साहेब जेवायला. एकतीस वर्षं फाइली आत बसून पाहिलेला माणूस आज पहिल्यांदा बाहेर उभा होता. दोन वाजून गेल्यावर ते खिडकीशी जाऊन म्हणाले, “शीला, बाहेरून हे असं असतं होय?”

“एकतीस वर्षांनी कळलं,” शीला म्हणाली आणि त्यांच्या हातात चहा दिला.

तीन वाजता मेल आला. मंजुरी होती, फाइल होती. (पुढे श्रावस्ती त्या तळघरात रुजू झाली तेव्हा तिला कळलं की, एकवीस अर्जदारांपैकी सहा जणांची पहिली मेट्रो पावणेचारलाच निघाली होती आणि वेळेवर संस्थेत पोचली होती.)

यावेळी तिने आधी फाइलच्या तीन प्रती केल्या, त्यांतल्या दोन आईच्या फोनवर. मग प्रोग्राम चालवला. आकडे उतरत गेले. शीला मागे उभी होती.

“पण मग त्या गेलेल्या ओळी,” शीला म्हणाली, “कुठल्या वेळच्या होत्या? म्हणजे दिल्ली गप्प कधी असते?”

हे कोणी विचारलंच नव्हतं. श्रावस्तीने प्रोग्राममध्ये आणखी चार ओळी घातल्या. ती घालत असताना गुलाबराव दारातून विचारत होते की, समितीला नोंद हवी आहे, शेवटी कोणत्या एडिटरमध्ये लिहितेस? तिने वर न पाहताच “थांबा हं काका, बघते” म्हटलं, आणि ते बघायचं राहूनच गेलं. बाहेर भाजीवाल्याची हाळी चालू होती, वरच्या मजल्यावर कोणीतरी पलंग सरकवत होतं, आणि पडद्यावर एकामागून एक रिकामे सेकंद वर येत होते. बहुतेक पहाटे दोन ते पाचमधले. काही शेवटची गाडी गेल्यानंतरचे, थोडे सकाळच्या दोन गाड्यांच्या मधले. आणि मग एक ओळ अशी आली की, तिने ती पुन्हा तपासली, मूळ फाइल उघडून हातानेही तपासली, आणि आईला बोटाने दाखवली. शीलाने चष्मा लावला. धम्मपाल जवळ आले.

पाच वाजून दहा मिनिटांनी श्रावस्तीने उत्तर पाठवलं. विचारलेलं एका ओळीत, न विचारलेलं खालच्या दोन ओळींत.

मेट्रो: तीनशे अठ्ठ्याण्णव वेळा.

शांतता: एक तास, अठ्ठेचाळीस मिनिटं, चोपन्न सेकंद.

त्यांपैकी भर दुपारी, एक वाजून बेचाळीस मिनिटांनी: सलग अकरा सेकंद.